समितीच्या कपाटात शकूची बोट

मंडळी, पंधरा तारखेला, रविवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता शकूची बोट तळ्यातून उचलून नेली गेली. शोकसभेत अशी सुरुवात करत नाहीत, ठाऊक आहे मला. पण तुम्ही एवढे सगळे जमलात, समोर तिचा हार घातलेला फोटो, आणि रडायला लागले तर बोलायचं राहून जाईल. रागावले की मला बोलता येतं. म्हणून रागावूनच बोलते.

शकू माझी शेजारीण. बँकेतून निवृत्त झाली आणि रिमोटवर चालणारी हातभर लांब बोट घेऊन आली. अख्खी अंबाजोगाई हसली. मीही हसले. पहिल्याच दिवशी बोट तळ्याच्या मधोमध बंद पडली. मग शकूनं आतलं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं. पिशवीला आतून घाम सुटला, बोट पुन्हा बंद. दुसरी कोणी असती तर बोट माळ्यावर टाकली असती. शकू म्हणाली, "मालू, पाणी आत येणारच. त्याला कुठवर अडवू? वायरींचे जोड तेवढे वाचवायचे."

आणि वाचवले तिनं! एकेक जोड सोल्डर केला, वर रबरी नळी चढवली, गरम करून आवळली. सर्किटवर लावायला माझं नेलपॉलिश घेतलं. लाल! कॉन्व्हेंटमध्ये ज्या रंगापायी सिस्टरांनी मला पट्टीनं झोडपलं, तोच. मी ब्रश मारत प्लगपर्यंत पोचले, तर हातावर चापट. "पिनांना नको बाई! करंट कुठून जाईल? तिथं ग्रीस."

मग ती बोट कधी बंद पडली नाही. दगडूच्या म्हशी पाण्यातून निघता निघायच्या नाहीत. शकूनं बोट मागं घातली, घर्र आवाज झाला, म्हशी काठावर! हा इथं बसलेला दगडू म्हणाला, "मावशी, लई भारी! पण माझं कावून ऐकत न्हाईत ह्या?"

शकू त्याच्याच बोलीत म्हणाली, "तुझं तोंड रोजचं हाय बाबा."

आणि मग तो रविवार. तळे समितीच्या सचिवांनी 'खेळण्यांना बंदी' म्हणत बोट नेली, कपाटात कोंबली. आत काय आहे बघायला नळ्या ब्लेडनं कापल्या. ऐकून शकूनं एवढंच विचारलं, "ग्रीस तरी पुसलं नाही ना?" धन्य बाई!

तिच्या जाण्याचा दोष मी कोणाला देत नाही. हृदयाचं दुखणं जुनं होतं. पण दवाखान्यात रोज विचारायची, "आली का गं?" शेवटी म्हणाली, "आली की दगडूला दे."

सचिवसाहेब, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. हार मोठा आणलात. तिला हार नको होता, बोट हवी होती. ती दगडूच्या हातात द्या. कोणाच्या हुकमानं नेली, नळ्या का कापल्या, हे मला लेखी कळवा. नळ्या मी चढवीन. नेलपॉलिशची नवी बाटली आणली आहे.

आता शकूसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. साहेब, तुम्हीही. उत्तराची आणि बोटीची मुदत येत्या शनिवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. त्या वेळी म्हशी पाण्यात असतात.