रानहंसांची अंडी

तुम्ही विचारता ना, मी तो वन्यजीव व्यवस्थापनाचा कोर्स मध्येच का सोडला? ऐका मग. लॉकडाऊनमध्ये सगळे वर्ग ऑनलाइन होते, बाहेर नेत ते फक्त प्रॅक्टिकलला. पहिलंच प्रॅक्टिकल बाडहूव्हडॉर्प या डच गावाजवळ, विमानतळाला लागून असलेल्या शेतात. रानहंसांची अंडी तेलात बुडवून परत घरट्यात ठेवायची. पिल्लू आतच मरतं, आणि मादी बिचारी उबवतच बसते. का, तर हंस वाढले की विमानांवर आदळतात.

मी आमच्या शिक्षकाला, यानला, विचारलं, "पण सध्या विमानं उडतायत कुठे?"

"उडतील की," तो म्हणाला, "तोवर हे हंसही मोठे झालेले असतील."

त्याच आठवड्यात पुण्यात माझे बाबा गेले. भारतात जायला विमान मिळेना. भावाने मोबाइलवर जेवढं दाखवलं, तेवढंच अंत्यदर्शन.

पुढच्या प्रॅक्टिकलला यानने माझी घरटी तपासली. माद्या अजून बसलेल्याच होत्या.

"शाब्बास! एकही पिल्लू बाहेर आलं नाही."

माणूस वाईट नव्हता हो, अगदी मनापासून कौतुक करत होता. मी तेलाची बादली त्याच्या हातात दिली आणि सायकल काढली.