फोटोला लागलेली तीट

(जळगाव, मेहरूण. परीक्षेच्या शाळेचं फाटक अजून बंद. समोरच्या कडुनिंबाखाली असोद्याहून आलेले तिघं : सीईटीला बसणारे प्रमिला आणि पुना, आणि त्यांना वर्षभर शिकवणारी शेजारची सुनंदा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.)

सुनंदा : ...अगं, श्वास घ्यायचा आणि सोडायचा! तू नुसता घेतेच आहेस. फुगलीस बघ कशी.

पुना : अक्का, ती फुटी जाई हां. बठ्ठं दही आपला अंगवर!

प्रमिला : दह्याचं नाव काढू नको रे! सकायपासून सात घरचं दही-साखर खाल्लं मी. पाया पडाले वाकलं की चमचा तोंडात. नही म्हटलं तं अपशकुन.

पुना : सातच? मी अकरा घर फिरनू. मना पोटमा आते डेअरी शे.

सुनंदा : हा बघ नरडाण्याचा पाहुणा! मामाकडे राहतो अन् मामाची अख्खी गल्ली खाऊन येतो. प्रमिला, हस की गं जरा.

प्रमिला : मले हसू येत नही, अक्का. बारावीच्या फिजिक्सले काय झालं, तुले माहीत आहे. पेपर हाती आला अन् डोकं कोरं. तासभर आपलं नाव गिरवत बसली, मंग पासापुरतं लिहून उठून आली. आजही तसंच झालं तं? आबा म्हणे, ही एक परीक्षा दे. जमलं तं इंजिनिअरिंग, नही तं गपचूप बीए कर.

सुनंदा : जमेल.

प्रमिला : नही जमनार. मी घरी जाते. नऊची बस आहे.

सुनंदा : बस गेली खड्ड्यात. तू बस! खाली बस म्हणते ना. आपण रविवारी काय ठरवलं?

प्रमिला : जे घड तयार, ते आधी कापायचे.

सुनंदा : आणि कच्चे?

प्रमिला : दुसऱ्या फेरीले.

सुनंदा : मग? तुझ्या आबांच्या केळीत माणसं कापणीला येतात, ती कच्च्या घडासमोर उभी राहून गळा काढतात का? पुढच्या झाडाकडे जातात. तुला नाही आलं, पुढचा प्रश्न. बास.

पुना : आनि बठ्ठा बाग कच्चा निंघना तं?

सुनंदा : तू गप रे, शहाण्या! सगळा बाग कधी कच्चा निघतो का? सामान दाखवा बघू दोघं. पेन्सिली?

पुना : चार. दोन्ही बाजूले टोक काढेल शे. पडनी तरी उभीच पडी.

सुनंदा : खोडरबर आहे... पाणी आहे... प्रमिला, हॉलतिकीट?

प्रमिला : हे घे. आजीनं रातभर देवापाशी ठेवलं होतं.

सुनंदा : प्रमिला...

प्रमिला : काय व?

सुनंदा : तुझ्या गालावर तीळ आहे का गं?

प्रमिला : नही.

सुनंदा : फोटोत आहे.

पुना : देखू, देखू! अरे बापरे! हाऊ तीळ नही, अक्का, गुलाबजाम शे!

प्रमिला : माय व! आजी! काल मले इचारत होती, हा फोटो कोन कोन पाह्यतीन? मी म्हटलं, सारे साहेब पाह्यतीन. ती म्हणे, मंग नजर लागीन माह्या लेकराले! काजळ आहे ते, अक्का. फोटोले तीट लावली तिनं!

पुना : थुंकी लाई पुसू का?

सुनंदा : खबरदार हात लावलास तर! वर शिक्का आहे. पुसलं तर शिक्क्यासकट तोंड काळं होईल.

प्रमिला : साहेब म्हनतीन, ही ते पोरगी नहीच. आत नही घेणार मले! सांग ना काहीतरी. वर्षभर घासली मी, अक्का, चुलीपाशी बसून गणितं केली. अन् आता एका तिटीपायी बाहेर राहू? मी बसणार पेपरले! काहीही झालं तरी बसणार!

सुनंदा : आणि नऊची बस?

प्रमिला : बस गेली उडत!

पुना : फोटो बदलता येत नही ना? मंग तोंड बदली टाक.

सुनंदा : पुना! अरे, तुझ्या डोक्यात दही नाही रे! प्रमिला, इकडे तोंड कर. डोळ्यात आजीनं काजळ घातलंय ना? तेच बोटानं घेते. कुठला गाल?

प्रमिला : फोटोतला उजवा, म्हंजे माह्या... डावा? थांब...

पुना : पर्याय अ, उजवा. ब, डावा. क, दोन्ही. ड, बठ्ठं तोंड!

प्रमिला : आई गं! मरते मी! पोट दुखलं व!

सुनंदा : हसू नकोस गं, तीट वाकडी होतेय!

पुना : गोल पुरा भर, अक्का! अर्धा गोल मशीन वाचत नही!

सुनंदा : मीच हसून मरेन आता. पुना, तोंड बंद! ...झाली. कशी दिसते?

पुना : जशी फोटोमा शे तशी. भयानक.

सुनंदा : साहेबांनी विचारलंच, तर खरं सांगायचं. आजीनं लावली म्हणावं. त्यांनाही कधी कुणी लावलीच असेल.

पुना : फाटक उघडनं! चला, मी जास. मना नंबर वरला मजलावर शे.

सुनंदा : जा. जिना चढताना दही सांभाळ! ...प्रमिला, तू का थांबलीस?

प्रमिला : तुह्या बारावीले तुह्यासंगे कोन आलं होतं, अक्का?

सुनंदा : कुणी नाही. गणिताच्या दिवशी ह्याच फाटकातून परत फिरले मी. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं घरी. ऑक्टोबरला पास झाले, पण इंजिनिअरिंग गेलं ते गेलंच.

प्रमिला : कधी बोलली नही.

सुनंदा : लाज वाटायची. जा आता, उशीर होईल.

प्रमिला : तू इथंच आहेस ना?

सुनंदा : इथंच. कधीही उठून आलीस तरी इथंच सापडेन.

प्रमिला : मंग सावलीत बस, अक्का. मले वेळ लागीन.