केव्हाही बघा म्हणे!

न्हाई, तारीखच सांगतो ना तुमाला! चौदा जुलै, सोमवार. आभाळ गच्च भरलेलं, वारं पडलेलं, पावसाचा थेंब न्हाई, नुसत्या घामाच्या धारा. आन् अशा उकाड्यात, दुपारी दोनच्या मालिकेत, ऐन रडण्याच्या जागी, आमच्या टीव्हीवर खालून एक पट्टी सरकत आली... "प्रिय प्रेक्षकहो, आपली लाडकी मालिका आता फक्त आमच्या ॲपवर. केव्हाही बघा!"

केव्हाही बघा म्हणे! अरे, तुमाला कुणी अर्ज केला होता का? दोनला बघूनच राहिले होते की लोक सुखानं!

मालिकेचं नाव 'सासर तुझं, माहेर माझं'. आता यात काय असतंय म्हणता? वैष्णवी नावाची सून रडते. बस. झोपताना बी अंगावर किलोभर दागिने, आन् सासूनं नुसती मान वळवली की वीज कडाडते, तीन येळा! आमच्या औंढ्यात पावसाचा पत्ता न्हाई आन् त्यांच्या दिवाणखान्यात रोज वीज! पण आमची माय, जनकाबाई, आन् शेजारची शरीफा खाला, या दोघींनी एक दिवस चुकवला असंल तर शपथ. खालाची दुपारची नमाज झाली की ती डोक्यावर पदर घेत, वाटीत भाजलेले शेंगदाणे घेऊन हजर. मग दोघी टीव्हीशी बोलायच्या. ऐकायच्या न्हाईत हां, बोलायच्या! माय वरडायची, "आगं भवाने, ते दूध पिऊ नको, त्यात औषध टाकलंय!" खाला म्हणायची, "पियेगी, जनकाबाई, पियेगी. इसको अकल रहती तो मालिका कबकीच खतम होती थी!"

मी भीमराज. स्टँडजवळ माझं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. दुपारी जेवायला घरी यायचो आन् या दोघींच्या शिव्या ऐकत ऐकत डोळा लागायचा. काय झोप होती, तुमाला सांगतो! आता काय... केव्हाही बघा!

तर पट्टी आली. माझ्या पोरानं, सुरजनं, आजीच्या मोबाइलात ते ॲप टाकून दिलं. तिकडं उमैमानं, म्हणजे खालाच्या नातीनं, खालाच्या मोबाइलात टाकलं. "आज्जी, आता कटकट न्हाई, केव्हाही बघ!" झालं! खालाचं कसं, की ती पहाटेच उठणारी. बसली की चार-चार भाग गिळून मोकळी. आन् माय? आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, ग्रंथाचं वाचन असतंय. रोज ठरलेलं तेवढंच. उद्याचं पान आज उलटायचं न्हाई. मायनं मालिकेला बी तोच नेम लावला! रोज एक भाग. एकाच्या वर म्हणजे अधाशीपणा.

मग व्हायचं तेच झालं. दोघी नळावर भेटल्या. खालाच्या पोटात काही राहतंय का? "अगे जनकाबाई, वैष्णवीका बच्चा तो दवाखानेमेंच बदल गया ना!"

मायची कळशी भरून वाहून राहिली, तिचं ध्यान न्हाई. म्हणली, "शरीफाबी... तुमी पुढं गेल्या? माझ्याबिगर?"

खाला म्हणली, "तो क्या मुँहको कुलूप लगाऊं? तुमी बी बघा की. केव्हाही बघता येतंय!"

बोलणं बंद! आता माझा बाप वारला तवा मायला बळंच घास भरवणारी हीच खाला, बरं का. तिच्या लेकाच्या लग्नात चुलीपुढून तीन दिवस न हललेली ही आमची माय. असलं नातं तुटलं कशानं? नेटपॅकनं!

दुसऱ्या दिवशी मी जेवायला आलो तर घरात चिडीचूप. माय कोपऱ्यात, हातात मोबाइल. त्यात वैष्णवी ऊर बडवून राहिली आन् मायच्या तोंडून एक शिवी न्हाई! मी घाबरलो, तुमाला सांगतो. म्हणलं, "माय, बरं न्हाई का? शिवी काहून देईना?"

म्हणली, "कुणाला ऐकवू, भीमराज?"

मोबाइल केव्हाही लागतो. शेजारीण केव्हाही लागती का?

आन् तिथंच माझ्या अकलेला फाटे फुटले. मी मायला सांगितलं, "माय, लोकांनी चॅनलला लई शिव्या घातल्या. मालिका परत टीव्हीवर येऊन राहिली. दोनलाच." जाऊन खालाला बी तेच सांगितलं. माझा टीव्ही नवीन, मोबाइलातलं त्यात दिसतंय. रिमोट टाकला पिठाच्या डब्यात, आन् बराबर दोनला स्वयंपाकघराच्या पडद्याआड मोबाइल घेऊन बसलो. मायनं जिथं सोडली होती, नेमकी तिथूनच मालिका चालू!

खाला आली. पण उंबऱ्यातच उभी. मायनं तिच्याकडं बघितलं न्हाई, नुसती सतरंजीवर थोडी सरकली. खाला बसली. आन् पुढं ते लेकरू बदलायचा भाग लागला, तर खालानं कपाळावर हात मारला, "हाय अल्ला! बच्चा बदल दिया! अब क्या होगा गे?" काय होणार ते तिला पुढच्या आठ भागांपर्यंत पाठ! मायनं तिच्याकडं एकदा रोखून बघितलं... आन् वाटीतले शेंगदाणे उचलले.

जमलं! मला वाटलं, सुटलो. सुटलो कुठला? मी चॅनल झालो!

तिसऱ्याच दिवशी तक्रार. "हे चॅनलवाले जाहिराती काहून दाखवीनात? माणसानं चहा कवा ठेवायचा?" म्हणजे पैसे भरून जाहिराती घालवल्या, तर यांना जाहिराती पाहिजेत! मग मी मधी थांबवायला लागलो. थांबवलं की वैष्णवीचं तोंड उघडं ते उघडंच. खाला म्हणायची, "देखो, कैसी अटक गई बिचारी!" आन् चहा ठेवायला माय आत आली की मी मोबाइल पाठीमागं धरून, "मी जेवून राहिलो" म्हणायचो. एका दुपारी किती येळा जेवायचं?

आन् एकदा तर हद्द झाली. सासू वैष्णवीला घराबाहेर काढून राहिली, वीज कडाडली, दोघींनी श्वास रोखलेला... आन् टीव्हीवर वरून अक्षरं उतरली, "कांदे संपले. दोन किलो आणा. करुणा." करुणा माझी बायको, अंगणवाडीवर असते, तिनं मोबाइलवर निरोप धाडला तो थेट वैष्णवीच्या कपाळावर! आन् बाहेर माय शांतपणे म्हणून राहिली, "शरीफाबी, या चॅनलवाल्यांना कांदे कायला लागतेत?" खाला म्हणली, "तो? उनके घरमें चूल्हा नको क्या?"

मग एक दिवस मी सामान आणायला हिंगोलीला गेलो. येईपर्यंत चार. घरात पाऊल टाकलं तर दोघी काळ्या टीव्हीपुढं तशाच बसलेल्या. माय म्हणली, "भीमराज, त्या चॅनलवाल्याला फोन लाव. म्हणावं, म्हाताऱ्या बाया आहोत, ताटकळवायचं असंल तर आदल्या दिवशी सांगत जा!" लावला! अंगणात जाऊन, मोबाइल कानाला धरून, मीच मला झापलं!

बरं, मालिका संपेल तवा तरी सुटका, म्हणून दिवस काढून राहिलो. परवा संपली. सासू सुधारली, वैष्णवी हसली, गोडाधोडाचं झालं. मी हातपाय ताणले. म्हणलं, उद्यापासून आपली झोप! तर पडद्यापलीकडून माय, "शरीफाबी, उद्या या."

म्हणजे? उद्या काय बघणार? रात्रभर विचार केला, काही सुचंना. शेवटी काल दोनला पहिल्यापासून लावली. भाग पहिला. वैष्णवी लग्न होऊन येते, माप ओलांडते. मी पडद्याआड जीव मुठीत धरून.

माय म्हणली, "शरीफाबी, ही नवीन दिसती."

खाला म्हणली, "हौ, नवीच. लेकिन जुन्यासारखीच है."

"आपल्याला काय करायचंय? बसा."

तेवढ्यात उमैमा खालाला बोलवायला आली. टीव्ही बघून दारातच थबकली. म्हणली, "दादी, ये कौनसे चॅनलपे लगती? ये तो ॲपपेच है ना?"

माय म्हणली, "चॅनलवर न्हाई गं बाई. भीमराजवर लागती." आन् पडद्याकडं तोंड करून म्हणली, "थांबव जरा. चहा ठेवते. तू बी घे."

मी थांबवली. तिघींचा चहा झाला, चौथा कप मला पडद्याआड आला. आज सकाळी दुकानावर पाटी लावली : दुपारी दोन ते तीन बंद.