चिमाजीची लेक

मंजुळा : मग सुपारी फुटली तवा त्यो गप का बसला, अंबूआत्या?

अंबूबाई : त्याला काय ठावं? चार माणसांत एवढंच म्हनलं, चिमाजीची लेक ज्योतीरामाला दिली. त्यो हसला. कंची लेक, थोरली का धाकली, ह्ये कुनी बोललंच न्हाई.

मंजुळा : आन बघायचा कार्यक्रम?

अंबूबाई : मीच नको म्हनले. माज्या पडवीत ऱ्हातोय, तुमचं दार समोर. रोज तर बघतोय, उगं पोरीला पाटावर कशाला बसवायची.

मंजुळा : पर तुला विमलचं नाव कुनी सांगितलं?

अंबूबाई : कुनी न्हाई. औषधाच्या कारखान्यातनं तापानं फनफनून आला, आठ दिस पडून व्हता. पेज विमलच आनायची. बरा झाल्यावर म्हनला, "मावशी, ज्या घरून पेज आली, तिथं माझं जमतंय का बघा." मी आननारी बघितली.

मंजुळा : रांधत मी व्हते.

अंबूबाई : व्हय. आज सकाळी हळूच इचारतो, "मावशी, त्यांना हिरवा चुडा भरला तर गावात कोणी बोलेल का?" मी म्हनलं, पैल्या लग्नाच्या पोरीला कोन बोलंल? तवा माज्याकडं बघतच ऱ्हायला.

मंजुळा : माजं नाव घेतलं त्यानं?

अंबूबाई : "मला वाटलं थोरल्यांचं ठरलंय" म्हनला. आन खाली बसला.

मंजुळा : परवा हळद हाय. सारं पिंपळे गुरव येनार.

अंबूबाई : म्हनतो, ठरलं ते मोडनार न्हाई, धाकलीची फजिती नको. मला वाटलं व्हतं, तुमच्या घरात जरा सुख यावं.

मंजुळा : मग हू दे लगीन. आपुन दोघी गप बसू. विमलला कळायचं न्हाई.

(विमल आतल्या दारात उभी आहे.)

विमल : कळलंय.

मंजुळा : विमे...

विमल : पेज नेली की आधी इचारायचा, अक्का जेवली का. मला वाटायचं, मानूस चांगला हाय, समद्यांची चौकशी करतोय.

अंबूबाई : पोरी, त्यो तुज्याशी लगीन करतो म्हनतोय.

विमल : उपकार म्हनून? मी न्हाई उभी ऱ्हायची. आबांना मीच सांगते.

अंबूबाई : मग मंजुळाचा पाट लावू की. मी आत्ता जाऊन त्याला...

मंजुळा : बस, आत्या. आता कुनाचं काय जमवू नगंस.

अंबूबाई : त्याला सांगू तरी काय? कामावर बी गेला न्हाई, पडवीत बसून हाय.

मंजुळा : तू न्हाई. मी जाते.

अंबूबाई : काय बोलशील?

मंजुळा : ठावं न्हाई. नवरा गेल्यापासनं सात वर्सं मला कुनी काय इचारलंच न्हाई. तिथं गेल्यावर सुचंल ते बोलीन. विमे, तू म्हनशील तर न्हाई जात.

विमल : जा तू. दार तेवढं वढून घे. मला वाईच एकटीला बसू दे.