पहिली उकळी

वैद्य क्वांग : जीभ आत घ्या. रुईझेनबाई, अठरा दिवस रक्तवाढीची मुळी पोटात गेल्यावर जीभ अशी चुन्यासारखी पांढरी राहत नाही. पुड्या उकळता की कपाटात ठेवता?

रुईझेन : उकळते हो. रोज, मातीच्या भांड्यात. तीन वाट्यांची एक वाटी करून.

वैद्य क्वांग : आणि पिता?

रुईझेन : पिते की. दुसऱ्या उकळीचं.

वैद्य क्वांग : आणि पहिल्या उकळीचं कोण पितं?

रुईझेन : वानचिंगला देते. लेक बाळंतीण आहे, वैद्यबुवा. अंगावर पाजतेय. ताकद तिला हवी, मला काय करायचीय?

वैद्य क्वांग : तरीच परवा ती फोनवर सांगत होती, तोंड आलंय, गिळवत नाही. आणि मी बसलो बाळंतिणीच्या जेवणातल्या आल्याला नावं ठेवत. पुडीवर नाव कुणाचं होतं?

रुईझेन : माझं. पण तिच्यासमोर मी एकटीनं कसं प्यायचं?

वैद्य क्वांग : वाटीनं. द्या, डावा हात द्या. ...ही नाडी म्हणजे कांद्याची पात झालीय. वरून नाडी, आत पोकळ. रक्त कुठेतरी जातंय. पाळी?

रुईझेन : ठीक आहे.

वैद्य क्वांग : बाकावरचे दोघे बाप्ये गेलेत. आता खरं सांगा.

रुईझेन : ...बारा-बारा दिवस थांबत नाही. जूनपासून.

वैद्य क्वांग : तीनदा विचारलं मी तुम्हाला. तीनदा. गळक्या हंड्यात मी पाणी ओततोय, आणि तुम्ही भोकावर पदर धरून बसलाय. आज पुडी मिळणार नाही. आधी इस्पितळात जा, रक्त तपासा, पोटाची सोनोग्राफी करा.

रुईझेन : जाईन की. तिचा महिना संपू दे, अकराच दिवस राहिलेत. तिची सासू तिकडे लांब हारबिनला, नवरा जहाजावर. दूध यायला तिला डुकराचे पाय कोण शिजवून घालणार? तोवर पुड्या तेवढ्या बांधा.

वैद्य क्वांग : नाही.

रुईझेन : तीस वर्षं येतेय मी तुमच्याकडे.

वैद्य क्वांग : म्हणूनच नाही. मघाशी तुम्ही बाकावर होतात तेव्हा तुमचा रंग बघूनच मी वानचिंगला फोन केला. म्हणाली, आई न्हाणीघरात दोनदा मटकन खाली बसली. विचारलं तर म्हणे साबण सांडला होता.

रुईझेन : साबणच होता.

(दार उघडतं. लोकरी टोपी, जाड मोजे घातलेली वानचिंग आत येते.)

रुईझेन : अगं, एकोणिसाव्या दिवशी घराबाहेर? वारा लागेल. जन्मभर सांधे धरतील.

वानचिंग : धरू देत. बाळ शेजारच्या फेंगकाकूंकडे आहे, दूध काढून ठेवलंय. खाली टॅक्सी उभी आहे. चल.

रुईझेन : वैद्यबुवा, तुम्ही तरी समजवा हिला.

वैद्य क्वांग : मी आज कुणालाही समजावणार नाही, थकलो. वानचिंग, ही चिठ्ठी इस्पितळात दाखव. आणि तू रोज पीत होतीस तो काढा हिचा होता.

वानचिंग : माझा नव्हता? आई?

रुईझेन : पीत होतीस ना नीट? झालं तर मग.

वानचिंग : आई, उठ.

रुईझेन : उठते. हात दे जरा. जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते माझ्या.