बरगडीतला उजेड

हाडांच्या स्कॅनचं किरणोत्सारी इंजेक्शन घेतलेल्यांपासून बाळाला लांब ठेवा, असं सिस्टरनी मागच्या खेपेला बजावलं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. या खेपेला सासरे स्कॅनसाठी आत गेल्यावर मी बाळाला घेऊन पार खिडकीपाशी बसले. उन्हानं सगळी खोली पेंगुळली होती. पलीकडे दोन बहिणी बोलत होत्या; इंजेक्शन थोरलीला दिलं होतं.

"ताई, पाणी पी अजून."

"पितेय गं. अंगात चांदणं पडल्यासारखं वाटतंय."

"बिघाड असेल तिथे स्कॅनच्या फोटोत हाड जास्त उजळतं म्हणे."

"म्हणजे माझा कॅन्सर हाडांत उतरला असेल तरच ना?"

"तसंच काही नाही. मोडलेलं हाड सांधत असलं तरी उजळतं. का उजळलं, ते नुसत्या फोटोवरून नेहमी कळत नाही."

"मग पडलेलंही दिसेल?"

"कोण पडलं?"

"मीच. गेल्या महिन्यात मोरीत पाय घसरला. बरगडीवर आपटले."

"आणि फोनवर रोज 'मजेत आहे' म्हणायचीस."

"खरं सांगितलं असतं तर माझ्या घराला कुलूप लावून मला तुझ्याकडे नेलं असतंस."

"अगं, डॉक्टर त्या बरगडीला कॅन्सर समजले असते. थांब, सांगून येते."

"तू बस. मीच सांगते. तू मोरीची विहीर करशील."

तुमचं कुणी एकटं राहत असेल, तर आज त्यांच्याकडे जाऊन या. "बरी आहेस ना?" असं विचारू नका. "कुठे पडलीस का?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.