कागदावरचे चोवीस

मागचं सीट? हाय की, माळ्यावर हाय. प्लॅस्टिकात गुंडाळून ठेवलंय, उंदीर लागू दिला न्हाई मी—तुमी गाडी घेतलीत तर सीट बी तुमचंच. असं काय बघायलाव? अपघात-बिपघात काय झालेला न्हाई दादा. दार उघडा, बॉनेट उघडा, कुटं ओरखडा हाय का बघा. सीट आमच्या मालकांनी काढलं, स्वतःच्या हातानं, पाना घेऊन. का म्हणजे—वजन. रिकामं सीट असलं तरी त्याला वजन असतंय न्हवं? ते गाडीनं वढायचं, आन वढायचं म्हणजे पेट्रोल प्यायचं. डिकीत स्टेपनी बी दिसायची न्हाई तुमाला. जॅक न्हाई, पायाखालच्या मॅट न्हाईत. मॅटच्या खालचं ते मऊ असतंय ना, गालिच्यासारखं, ते बी खरवडून काढलंय. नुसता पत्रा. बसा, हितं कट्ट्यावर सावलीला बसा, चहा टाकलाय. जरा हळू बोलू—त्या खिडकीला लागून त्यांची कॉट हाय. कान लई तिखट हायत त्यांचे.

ॲव्हरेज किती देती ते तुमी अजून विचारलं न्हाई. बरं वाटलं. बाकीचे आले ते फाटकातूनच विचारत आले. तुमी फोनवर म्हणालात की ह्याच मॉडेलची गाडी तुमच्याकडं हाय, दुसरी बहिणीसाठी बघायलोय—तवाच मी म्हणलं, या. प्रभुला बी सांगितलं न्हाई. प्रभु माझा मुलगा, पुण्याला असतोय, गाडी विकायची जाहिरात त्यानंच टाकली मोबाईलवर. त्याला काय, फोटो टाकला की झालं काम. हितं येऊन बापाशेजारी बसायचं तर सुट्टी न्हाई.

आमचे मालक एसटीत व्हते. ड्रायव्हर. चनबसप्पा म्हणलं की अजून बी डेपोत जुनी माणसं वळखत्यात. अक्कलकोट-मैंदर्गी लायनीला लई वर्षं काढली, मैंदर्गी माझं माहेर, लग्न बी तसंच जमलं—माझे वडील त्यांच्याच गाडीनं बाजाराला यायचे, म्हणायचे पोरगा गाडी कशी लोण्यावरनं न्यावी तशी नेतोय. आन एसटीत कसं असतंय, दहा लिटर डिझेलला गाडी किती गेली ते प्रत्येक ड्रायव्हरचं काढत्यात. गाडी तीच, रस्ता तोच, पण एका ड्रायव्हरला कमी पडतंय आन दुसऱ्याला जास्त. मग इंधन बचतीचा पंधरवडा असतोय, त्यात चांगल्या ड्रायव्हरला शाल, नारळ. आमच्या घरात शाली इतक्या झाल्या की मी दोन शालींची दुलई शिवली. ते म्हणायचे, सगळा खेळ उजव्या पायाचा हाय. पाय असा ठेवायचा की पेडलला कळलं न्हाई पाहिजे वर पाय हाय म्हणून. माणसाला कशाचा तरी अभिमान पाहिजे की. दुसऱ्याची बस चालवली आयुष्यभर, नावावर काय न्हाई—ह्यांना पायाचा अभिमान.

मग रिटायर झाले आन ही घेतली. शोरूममध्ये काचेवर कागद चिकटवला व्हता, लिटरला चोवीस आन वर काय काय. मी म्हणलं, एवढं कुटं देती व्हय? तर म्हणले, सरकारी टेस्टचा आकडा हाय, छापलेला हाय, म्हणजे कुणीतरी ड्रायव्हरनं काढून दाखवलाय. एकानं काढलाय तर मी बी काढीन. पहिली टाकी फुल केली, फिरवली, परत फुल केली, हिशेब घातला. पंधरा. माझ्याकडं बघून हसले, म्हणले नवीन इंजिन हाय, मोकळं व्हायला वेळ लागतोय. लागला वेळ, झालं मोकळं, तरी पंधरा-सोळा. तुमीच सांगा, आपल्या सोलापुरात सैफुलपासनं सात रस्त्यापर्यंत गेलात तर तिसऱ्या गिअरच्या वर गाडी जाती व्हय? एक रिक्षा आडवी, एक बैल आडवा, दर पन्नास पावलांवर स्पीड ब्रेकर. ह्यात चोवीस कुटनं आणायचे? मी एवढंच म्हणत व्हते. पण माझं कोण ऐकतंय, मला गाडी येत न्हाई.

घेऊन गेले सर्व्हिसिंगला. मी बी गेलते सोबत, तवा अजून मागं सीट व्हतं. तितल्या टाय घातलेल्या पोरानं मशीन लावून बघितलं आन म्हणला, काका, गाडीत काय फॉल्ट न्हाई. ॲव्हरेज हे चालवणाऱ्याच्या पायावर असतंय.

एवढंच म्हणला. वाईट बोलला असं न्हाई, त्यांना शिकवलेलंच असतं ते, सगळ्यांना तेच सांगत असणार. पण आमचे मालक घरी आले ते जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी पाना घेऊन गाडीपाशी गेले. आन मग स्टेपनी काढली.

हसू येतंय ना? मला बी यायचं. आधी स्टेपनी, मग मागचं सीट. दिवाळीला प्रभु पोरीला घेऊन आला, काव्याला, स्टँडवर आणायला गेले तर बसायला जागा न्हाई—पोरगी रिक्षात, आन आजोबा मागनं रिकामी गाडी घेऊन. मग मला म्हणले तू बी नको बसू, तू असलीस की आकडा हलतोय. मी देवळाला चालत जायची आन हे मोहोळच्या रस्त्याला एकटेच, सरळ हायवेनं जायचं आन यायचं, एका चालीनं. एसी बंद. काचा वर, कारण काच खाली केली की वारा शिरतोय आन गाडी मागं वढली जाती. कुणीतरी सांगितलं की गार इंजिन जास्त पितंय, तर सकाळचं सोडून भर दुपारी जायला लागले. सोलापूरचा मे महिना दादा, तुमाला काय सांगायचं. घरात पंख्याखाली जीव जातोय आन हे त्या बंद डब्यात. घामानं शर्ट पिळून निघायचा. म्हणले अठरा दिली. मग म्हणले एकोणीसला टेकली. चोवीस काय येईना.

प्रभुनं तवा आणखी घाण करून ठेवली. त्याच दिवाळीत तो गाडी घेऊन माढ्याला सासुरवाडीला गेला, आला तर ह्यांनी विचारलं, किती दिली? तर म्हणला, दिली की बावीसच्या आसपास. ना टाकी फुल केली, ना हिशेब केला, नुसतं तोंडाला आलं ते बोलला. अशीच सवय असती बाप्यांना, मी बघितलंय, पोरगं पास झालं तर मार्क वाढवून सांगायचे आन गाडी असली की ॲव्हरेज वाढवून सांगायचं. कट्ट्यावर बसून एकजण वीस म्हणला की दुसरा एकवीस म्हणतोय. ह्यांनी मात्र ते खरं धरलं. म्हणले, पोराला बावीस आन मला सोळा. पोरानं बाप व्हायच्या आधी गाडी चालवली न्हाई कधी, आन त्याला बावीस.

घ्या, चहा घ्या. साखर कमी वाटंल, घरात सगळ्यांचा एकच करती मी, शुगर हाय ना त्यांना.

त्याचंच सांगत व्हते. चप्पल काढून चालवायला लागले. म्हणले चप्पल मधी आली की पेडल कळत न्हाई. मग म्हणले मॅटनं टाच घसरती, मॅट काढली. मग खालचं ते खरवडलं. मी आपलं म्हणलं, हे बी वजनाचंच. मला काय माहीत दादा—पायच कळत नव्हता त्यांना. शुगरनं तळव्याची जाण गेली व्हती. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्या बी यायच्या बंद झाल्या, आन हे कुणाला बोलले न्हाईत. कसं बोलतील? एक पाय हाय म्हणायला, आन त्योच. म्हणून एकेक काढत गेले मधलं, कळंल म्हणून. खाली नुसता पत्रा, इंजिनाची गरमी, वर ते ऊन, आन त्यावर अनवाणी पाय तासन्‌तास. तुमी-आमी असतो तर चटका बसून पाय उचलला असता. त्यांना चटका बसलाच न्हाई.

एक दिवस आले, आत गेले, फरशीवर ओले पाय उमटले. मी म्हणलं घामानं भिजले, का पाणी सांडलं. फडकं घेऊन पुसायला गेले तर पाणी नव्हतं. आन एकाच पायाचे ठसे व्हते.

डॉक्टरनं आधी बोट काढलं, मग पंजा, मग हितनं, गुडघ्याखालनं. शुद्धीवर आले तर रडले न्हाईत. मला वाटलं रडतील, मी तयारी करून बसलेली. म्हणले, बरं झालं, पाय खोटा निघाला, गेला. असं म्हणले. ज्या पायानं आमचं घर चालवलं त्याला खोटा म्हणायचं, कुणाच्या बोलण्यावरनं? एका काचेवरच्या कागदावरनं. प्रभु मला नंतर म्हणला, आई, ती टेस्ट रस्त्यावर घेतच न्हाईत. बंद खोलीत गाडी हुबी करत्यात, चाकं खाली बसवलेल्या रोलरवर फिरत्यात, गाडी जागची हलत न्हाई. वारा न्हाई, खड्डा न्हाई, रिक्षा न्हाई. मी म्हणलं हे बापाला सांग. सांगितलं. तर हे म्हणले, आईनं शिकवलं तुला. त्यानं बावीसचं खोटं बोललो म्हणून कबूल केलं, ते बी पटलं न्हाई. म्हणले तवा खरं बोलला आन आता दया करतोय.

आता खरं सांगू का तुमाला कशाला बोलावलं ते? गाडी घेणार असाल तर घ्या, न्हाई घेतली तरी माझं काय न्हाई. जरा इकडं सरका. त्यांच्या डाव्या पायाला काळा डाग आलाय, अंगठ्याला. डॉक्टर म्हणत्यात आत्ता आणलं तर वाचंल. हे येत न्हाईत. मलमपट्टी करू देत न्हाईत. म्हणत्यात, ह्यो क्लचचा पाय, एकट्याला काय काम, जाऊ दे. कसं न्यायचं? उचलून न्यायचं का? जेवण बी निम्मं टाकत्यात. मी थकले, दादा. मला राग बी येतोय आन रडू बी येतंय, आन दोन्हीला टाईम न्हाई. मला एवढंच वाटतं, परक्या माणसानं, ज्याला मी शिकवलं न्हाई अशानं, त्यांच्या कानावर घालावं की चोवीस ही गाडीच देत न्हाई. कुणालाच देत न्हाई. मग कदाचित म्हणतील, चला दवाखान्यात. कदाचित. गेल्या वेळचा आला त्याला मी आधी पढवला, तर पोरं कविता म्हणत्यात तसा म्हणला बिचारा, ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. म्हणून तुमाला काय पढवणार न्हाई. तुमी गाडी बघताना दाराचा आवाज खराब हाय म्हणालात तोंडावर, मला तवाच कळलं, हे खरं बोलणारं माणूस हाय. तीच गाडी, तेच सोलापूर, तेच रस्ते—खरं काय असायचं ते असणारच की. तुमी फक्त खरं बोला.

थांबा. काय म्हणले? अहो, काय म्हणलात?

विचारायलेत. तुमालाच विचारायलेत, तुमची किती देती म्हणून. उठून बसलेत बघा, गज धरून. परवापासनं एक शब्द बोलले नव्हते. सांगा की. हितनं न्हाई, जरा मोठ्यानं, तितं खिडकीकडं तोंड करून. खरं तेवढंच.

किती?

बावीस?

न्हाई, तसं न्हाई, तुमी नीट आठवा—एसी लावून? चौघं बसून? टाकी फुल करून, परत फुल करून काढलं का तुमी? न्हाई काढलं. मग कसं कळलं? स्क्रीनवर. समोर आकडा येतोय त्यो. नवीन गाडी हाय तुमची, त्यात येतोय. अहो, ऐकलं का, ते स्क्रीनवरचं सांगायलेत, त्यांनी मोजलेलं न्हाई—गाडीच सांगती ती, गाडी स्वतःचं कमी सांगंल व्हय—अहो. अहो, खिडकी कशाला लावताय, उकडतंय आत. अहो.

राहू दे. तुमी कशाला उठलात? तुमचं काय चुकलं न्हाई दादा, दिसलं ते बोललात. खरं बोला म्हणून मीच सांगितलं. न्हाई, आता परत जाऊन सांगू नका, आता काय बी सांगितलं तरी दयाच वाटंल त्यांना.

चावी तितं ठेवा. न्हाई, गाडी विकायची न्हाई. प्रभुला मी सांगते. कप ऱ्हाऊ द्या, मी उचलते. जावा तुमी. जावा म्हणलं ना.